वजाबाकीची पेटी

गेल्या वर्षीं शाळेच्या स्नेहसंमेलनास तीन आठवडे उरले असतां आमच्या हातून एका वर्गबंधूवर अन्याय घडला. त्या अन्यायाची, आणि त्याच्या परिमार्जनार्थ बांधलेल्या एका लहानशा पेटीची हकीकत वाचकांपुढें मांडावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

वर्गाच्या गीतांत त्यानें गावें व आम्हीं विजेच्या गिटारीवर साथ करावी, असें ठरलें होतें. त्याचा गळा गोड, परंतु आवाज नाजूक. पहिल्याच तालमींत गिटारीच्या खणखणाटांत त्याचे शब्द बुडून गेले. “अरे, जरा घसा मोकळा करून गा कीं!” असें आम्ही चारचौघांत म्हणालों. तो कांहींच बोलला नाहीं. दुसऱ्या दिवशीं मात्र आपलें नांव यादींतून काढावें, अशी विनंति त्यानें गुरुजींस केल्याचें कळलें.

गुरुजींनीं आम्हांस बोलावून एवढेंच विचारलें, “त्याचा आवाज लहान आहे, कीं तुझें वाद्य कर्कश आहे?” आम्हांस उत्तर सुचेना.

गिटारीचा आवाजच कमी करून पाहिला, तर गाण्याचा आधार नाहींसा झाला. कमी करावयाची ती केवळ तीक्ष्णता. तशी खुंटी गिटारीवर असते खरी. परंतु कडव्याच्या वेळीं सौम्य व मधल्या तुकड्यांत खुला, असा आवाज बदलावयाचा, तर वाजवितांना दोन्ही हात गुंतलेले. तेव्हां हें काम पायाकडे सोंपविण्याचें ठरवून मुंबईस लॅमिंग्टन रोडवरून किरकोळ सामान व ॲल्युमिनियमची डबी आणविली.

रचना अगदीं साधी आहे. गिटारीकडून येणारी तार डबींतून सरळ ॲम्प्लिफायरकडे जाते. वाटेंत तिला एक फांटा काढावयाचा. त्यावर अडीच लाख ओहमचा फिरता रोध, ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर व पायानें दाबावयाचा स्विच एकामागून एक जोडून शेवट डबीच्या धातूस, म्हणजे अर्थच्या तारेस, मिळवावयाचा. कपॅसिटरचा स्वभाव मोठा मौजेचा. गिटारीची सर्वांत जाड तार मोकळी छेडली असतां सेकंदास सुमारें ८२ कंपनें होतात. त्यांना हा कपॅसिटर सुमारें ८८,००० ओहमांचा अडथळा करतो. सेकंदास ३,००० कंपनांच्या तीक्ष्ण स्वरास मात्र त्याचा अडथळा अवघा २,४०० ओहमांचा! त्यामुळें तीक्ष्णता या आडवाटेनें निघून जाते, आणि खर्ज सरळ मार्गानें पुढें चालतो. किती तीक्ष्णता सोडावयाची, तें रोधाची खुंटी फिरवून ठरवितां येतें. यास बॅटरीहि लागत नाहीं. कारण ही पेटी स्वरांत भर घालीत नाहीं, ती केवळ वजाबाकी करते.

सोल्डरिंग करण्यास आम्हीं त्याच वर्गबंधूस मदतीस बोलाविलें. क्षमा मागण्याचें धैर्य नव्हतें. बॅटरीचा उजेड धरण्याची विनंति तेवढी केली. तो आला. रात्रीं नऊ वाजतां जोडणी संपवून मोठ्या ऐटींत तार छेडली, तों पूर्ण शांतता! आम्ही कपॅसिटरला दोष दिला, दुकानदाराला दिला. तो मात्र डबींत वाकून पाहत होता. हळूच म्हणाला, “या जॅकच्या दोन तारा उलट लागल्यात कां रे?” खरेंच होतें. आमच्याच चुकीनें सगळा आवाज अर्थमध्यें जात होता. तेव्हां मात्र आमच्या तोंडून शब्द निघाले, “त्या दिवशीं चुकलें आमचें.” तो म्हणाला, “आधीं तारा बदल.”

संमेलनाच्या दिवशीं कडवें सुरू होतांच आम्हीं स्विच दाबला. गिटारीची धार बोथट झाली, आणि त्याच्या गाण्याचा शब्द न् शब्द सभागृहांत पोहोंचला. आमच्या मातोश्री अगदीं शेवटच्या रांगेंत होत्या. घरीं आल्यावर त्या म्हणाल्या, “पोरगा किती छान गायला रे! आणि हो, तूंहि वाजवीत होतास ना?”

पूर्वीं असें कोणी म्हटलें असतें, तर आम्हांस राग आला असता. त्या दिवशीं मात्र आपली पेटी बरोबर चालली, याची आम्हांस खात्री पटली.