तिन्हीसांजेचा केक

सर्वप्रथम एक कबुली. मी कॉन्व्हेंटचा. मराठी शाळेत होती ती थर्ड लँग्वेजपुरती, आणि अजूनही कुणी ‘एकोणऐंशी’ म्हटलं की मी मनातल्या मनात दोनदा हिशेब करतो. तरीही मराठी विभागाच्या संपादकांनी मेसमध्ये गाठून “काहीतरी लिहीच” असा दम भरला, म्हणून हा प्रपंच. शुद्धलेखन सांभाळून घ्यावे, ही विनंती.

विषय आहे केक. आमच्या विंगला माझ्या आईचा केक चांगलाच परिचयाचा आहे. मी सुट्टीवरून आलो की बॅग माझ्या हातात राहतच नाही. जिन्यातच डबा उघडला जातो आणि चौथ्या मिनिटाला डब्याच्या तळाशी लागलेला चुरा कुणी खायचा यावर भांडण सुरू होतं. तो केक मध्ये खोलगट असायचा. कडा उंच, मधोमध खड्डा! आम्ही त्याला ‘लोणार’ म्हणायचो. खड्ड्यातला भाग जरा चिकट, ओलसर लागायचा आणि त्यावरच सगळ्यांचा डोळा. मला वाटायचं, आई मुद्दाम आमच्यासाठी तसा करते.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत खरी गोष्ट कळली. आम्ही बार्शीला राहतो. २०२० च्या लॉकडाऊननंतर बाबांचं दुकान पूर्वीसारखं चाललंच नाही. आई दिवसा बालवाडीत शिकवते, संध्याकाळी केकच्या ऑर्डरी घेते. हे मला माहीत होतं, पण ‘आईचा छंद’ म्हणून. फ्रीजवर तिची एक वही असते. सहज चाळली, तर एका पानावर लिहिलेलं – ‘पहिला वाढदिवस, १ किलो, ४५० रु.’ आणि पुढे लाल पेनाने ‘परत’. त्याच्या मागच्या पानावर आणखी दोन ‘परत’. शेवटच्या पानावर माझ्या मेस बिलाचा हिशेब होता.

म्हणजे लोणार आमच्यासाठी बनत नव्हतं. गिऱ्हाइकाने नाकारलेला केक आम्ही जिन्यात उभं राहून खात होतो.

मी थर्ड इयर इलेक्ट्रिकल. तेव्हा अर्थातच दुसऱ्या दिवसापासून मी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. आईने सुरुवातीलाच एक वाक्य सांगितलं होतं, “अरे, तिन्हीसांजेला केलेला केक बसतो. सकाळचा नाही बसत.” मी काय म्हणालो असेन? “का, लक्ष्मी येते म्हणून केक वाकून नमस्कार करतो का?” बाबा हसले. आई हसली नाही.

मग माझं संशोधन सुरू. पहिला संशय बेकिंग पावडरवर. ही पावडर म्हणजे खायचा सोडा आणि एक कोरडं आम्ल यांचं मिश्रण. ओल आणि उष्णता लागली की कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्याने केक फुगतो. जुनी झाली की जोर जातो. चमचाभर पावडर गरम पाण्यात टाकली, तर फसफसून वर आली. ती निर्दोष. मग आईचा मैद्याचा कप पकडला. तोच कप चाळून, हलक्या हाताने भरला तर १२२ ग्रॅम, दाबून भरला तर १४८! केवढा फरक! मी विजयी मुद्रेने वजनकाटा पुढे केला. शिवाय आई ‘छान फुगू दे’ म्हणून पावडर अर्धा चमचा जास्त घालायची. ते उलटंच पडतं. बुडबुडे खूप झाले की एकमेकांत मिसळून मोठे होतात, फुटतात, आणि धरायला भिंतच उरत नाही. तेही सुधारलं. भांड्याखालची एक भानगडही सापडली. आमच्या ओट्याला सिंककडे थोडा उतार आहे, पाणी वाहून जावं म्हणून. ओटीजी त्या उतारावर, त्यामुळे पीठ एका बाजूला सरकायचं आणि केक डावीकडे जाड, उजवीकडे पातळ! माझ्या फर्स्ट इयरच्या वर्कशॉप जर्नलचा पुठ्ठा दोन पायांखाली घातला आणि केक सपाट झाला. (त्या जर्नलचा आयुष्यात झालेला हा एकमेव उपयोग.)

सगळं दुरुस्त करून संध्याकाळी साडेसहाला केक लावला. वजन करून मैदा, मोजून पावडर, पुठ्ठा जागेवर. चाळीस मिनिटांनी बाहेर काढला आणि आमच्या डोळ्यांदेखत मधला भाग हळूहळू खाली गेला. जणू कुणी आतून श्वास सोडला.

आईने भांडं माझ्या हातातून घेतलं. “माझंच चुकत असेल,” एवढंच म्हणाली आणि ओटा पुसायला लागली. मला त्या क्षणी व्हायव्हात गप्प बसल्यावर वाटतं, त्याहून वाईट वाटलं.

रात्री झोप येईना, म्हणून वही पुन्हा काढली. तिन्ही ‘परत’ संध्याकाळचे. रविवारी सकाळी केलेला एकही परत आला नव्हता. म्हणजे आईने पहिल्याच दिवशी निरीक्षण सांगितलं होतं, आणि मी त्यावर जोक मारला होता.

दुसऱ्या दिवशी मल्टिमीटर काढला. सकाळी सातला प्लगमध्ये २२८ व्होल्ट. संध्याकाळी साडेसहाला १८८! आमच्या गल्लीच्या डीपीवरच पिठाची गिरणी आहे, ती संध्याकाळी जोरात चालते, त्यात घरोघरी लोड. आता हिशेब बघा. हीटरची पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. ओटीजी १६०० वॅटचा, २३० व्होल्टला. १८८ भागिले २३०, त्याचा वर्ग, म्हणजे साधारण ०.६७. उरले जेमतेम १०७० वॅट. सकाळच्या दोन तृतीयांश.

ओटीजीचा दिवा कधीचाच बिघडलेला, त्यामुळे आई घड्याळ लावून दहा मिनिटं तापवायची. सकाळी तेवढं पुरायचं, संध्याकाळी नाही. भट्टी थंड, पीठ सावकाश तापतं. मैद्यातला स्टार्च आणि अंड्यातलं प्रोटीन घट्ट व्हायच्या आधीच गॅस निघून जातो. त्यात तिसाव्या मिनिटाला आई काळजीने दार उघडून सुई टोचून बघणार. आतली गरम हवा बाहेर, आणि दुबळ्या हीटरला ती भरून काढायलाही वेळ लागणार. कडा भांड्याला चिकटून आधी शिजतात, मधला भाग कच्चाच राहतो, बाहेर काढला की बसतो. झालं लोणार!

हे सगळं मी वहीवर आकृती काढून आईला समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे तिन्हीसांजेलाच बसतो ना?”

“हो.”

“मग मी काय वेगळं सांगत होते?”

उपाय म्हणून मी स्टॅबिलायझर सुचवला. एवढ्या लोडचा स्टॅबिलायझर किती केकांना पडतो, हे आईने तोंडी काढलं आणि विषय संपला. ओव्हनमध्ये ठेवायचा एक छोटा थर्मामीटर तेवढा आणला. आता घड्याळ नाही, काटा १८० वर आला की भांडं आत. आणि ऑर्डरचे केक पहाटे, बालवाडीच्या आधी. त्यासाठी ती पाचला उठते. माझ्या एवढ्या इंजिनिअरिंगमधून निघालेला उपाय हा, की आईची झोप तासाभराने कमी झाली. हे मला अजून नीट पचलेलं नाही. सुट्टीत मी तिच्याबरोबर उठून मैदा चाळून देतो, पण सुट्ट्या असतात किती!

जानेवारीपासून वहीत ‘परत’ नाही. ज्यांनी पहिल्या वाढदिवसाचा केक परत केला होता, त्यांनीच बारशाची ऑर्डर दिली. आईने घेतली, पण पैसे आधी.

आमच्या विंगचा मात्र माझ्यावर राग आहे. मागच्या वेळी डबा उघडला तर आत चकल्या निघाल्या. “केक कुठाय?” म्हणून चौकशी झाली. बसलाच नाही, तर येणार कुठून?