दौंडचं शटल आणि फुटबॉलचं तिकीट

वीकेण्डला रात्री उशिरापर्यंत जागून तुम्ही युरोपातल्या मॅचेस बघता. बार्सिलोनाच्या ला मासियातून कोण वर आलं, हे ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये तुम्हाला तोंडपाठ असतं. मग एक सोप्पा प्रश्न. दौंडच्या बारा वर्षांच्या पोराला प्रोफेशनल क्लबात जायचं असेल, तर त्यानं कुठली गाडी पकडायची?

उत्तर हवं असेल तर रविवारी पुणे-दौंड शटलमध्ये बसा. हडपसर, मांजरी, लोणी, उरुळी, यवत, केडगाव, पाटस... खिडकीबाहेर उसाचे फड आणि गुऱ्हाळांचा धूर. साधारण ७५ किलोमीटरवर दौंड येतं. मनमाड आणि बारामतीकडे फाटे फुटणारं जंक्शन, जुनी रेल्वे कॉलनी, चर्च, अँग्लो-इंडियन कुटुंबं. अशा रेल्वेच्या गावांत फुटबॉल आणि हॉकी टीव्हीच्या कितीतरी आधी पोचली.

वाटेतलं लोणी स्टेशन मात्र लक्षात ठेवा. पुण्याच्या याच बाजूला, सोलापूर रस्त्याच्या पट्ट्यात, डीएसके शिवाजियन्सनं लिव्हरपूलशी टायअप करून निवासी अकॅडमी चालवली होती. लालियनझुआला छांगटे आणि जेरी लालरिनझुआला तिथे घडले. छांगटे भारताकडून खेळला, जेरी २०१६ च्या आयएसएलमध्ये ‘इमर्जिंग प्लेयर’ ठरला. दोघंही मिझोरामचे! म्हणजे देशाच्या पार दुसऱ्या टोकाची पोरं इथे येऊन राहिली आणि दौंडची पोरं पास काढून रोज त्याच वाटेनं पुण्याला जात राहिली.

यात कुणी कुणाचा हक्क मारला असं नाही. जिथे मुलं वर्षभर मॅचेस खेळतात, तिथेच स्काऊट जातो. ट्रायलच्या दहा मिनिटांत पोराचा स्पीड दिसतो. पण बॉल पायात नसताना तो कुठे उभा राहतो, हे मॅचमध्येच कळतं. मिझोरामकडे २०१२ पासून स्वतःची प्रीमियर लीग आहे. आपल्याकडे तालुक्याच्या गावात वर्षाला दोन-चार टुर्नामेण्ट्स झाल्या, की संपला सीझन.

दौंडहून चौफुल्याला या आणि न्हावरामार्गे शिरूर गाठा. संगीतबारीची थिएटरं, पुन्हा ऊस, मग घोडनदी. कोरेगाव भीमाच्या लढाईसाठी १८१७ च्या ३१ डिसेंबरला कंपनीची फौज निघाली, ती इथल्याच छावणीतून. आज शिरूरची ओळख म्हणजे रांजणगावचा गणपती आणि एमआयडीसी. रेल्वे नाही, त्यामुळे पोरांची भिस्त एसटीवर. पुण्यातली नावाजलेली अकॅडमी होती देहूरोडजवळ, मामुर्डीला. म्हणजे अख्खं पुणं ओलांडून पलीकडे!

पुणे एफसीच्या त्या मामुर्डीच्या अकॅडमीत मलप्पुरमचा आशिक कुरुनियन घडला आणि २०१६ मध्ये थेट स्पेनला, व्हिलारिअलकडे ट्रेनिंगला गेला. त्याच वर्षी ती अकॅडमी एफसी पुणे सिटीनं घेतली. २०१९ मध्ये तो क्लबच बंद पडला. शिवाजियन्स तर २०१७ मध्येच आय-लीगमधून बाहेर गेले होते. मालकाचा खिसा आटला की अकॅडमी आटते, आणि पोरगा चौदाव्या वर्षी बॅग भरून घरी परततो.

तरी वाट आहे. कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आला आणि २०१७ चा अंडर-१७ वर्ल्ड कप खेळला. शाळेच्या पोरांसाठी १९६० पासूनचा सुब्रतो कप आहे. जिल्हा, विभाग, राज्य अशी त्याची शिडी. तिथे पोरगा स्काऊटच्या नजरेत भरू शकतो. पुढे जन्मदाखला, वय पडताळायला मनगटाचा एक्स-रे, आई-बाबांच्या सह्या. फिफाच्या नियमानं १८ वर्षांखालच्या खेळाडूशी तीन वर्षांहून जास्त मुदतीचा करार करता येत नाही. त्यामुळे कुणी ‘दहा वर्षांचं सेटिंग’ दाखवलं, तर सरळ उठून यायचं.

खरा फंडा मात्र रजिस्ट्रेशनचा आहे. पुढे परदेशी क्लबानं पैसे मोजून तो खेळाडू घेतला, तर त्या रकमेतले ५ टक्के त्याला १२ ते २३ वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. पहिल्या चार सीझन्सचा वाटा प्रत्येकी पाव टक्का. डील एक कोटीचं असेल, तर त्या चार वर्षांच्या गावातल्या क्लबाला एक लाख! म्हणजे कितीतरी बॉल, नेट्स आणि बूट. अट एकच, क्लब संलग्न हवा आणि पोराची नोंद वेळेत झालेली हवी. नुसतं ‘हा आमच्याच ग्राऊंडवर शिकला’ म्हणून दमडी मिळत नाही.

तेव्हा या पट्ट्यातला कुणी कलीग असेल, तर त्याला गावच्या टीमबद्दल विचारा. नवी जर्सी स्पॉन्सर करायचा विचार छानच आहे, पण त्याआधी पोरांची नोंद झालीय का, ते बघा.

कसं जाल? : दौंडला पुणे स्टेशनवरून शटल. शिरूरला नगर रस्त्यानं एसटी, रांजणगाव वाटेतच. गुऱ्हाळावर गरम गूळ खायचा, तर हिवाळ्यात जा.