सहा गुण

प्रिय बयो,

तुझा निरोप आला तेव्हा मी भाकरी टाकत होते. ‘दादाच्या लेकाला दिव्यांग तपासणीच्या बोर्डानं चाळीस टक्क्यांच्या आत बसवलं, आता काही मिळायचं नाही,’ हे वाचलं आणि तव्यावरची भाकरी करपून गेली. तू तिकडे कॅलगरीच्या बर्फात आणि जीव सगळा इकडे. म्हणून आज सविस्तर लिहिते. दादाला हे जसंच्या तसं वाचून दाखव.

आमच्या ताईचंही गेल्या वर्षी हेच झालं. तुला कळवलं नाही, कारण आईची ताकीद होती. बोर्डासमोर न्यायचं म्हणून आईनं आदल्या रात्री ताईच्या केसांना तेल लावलं, पहाटे न्हाऊ घातलं, कपाटातली चांगली साडी नेसवली. एसटीत सिव्हिल हॉस्पिटल येईपर्यंत पढवत होती, ‘नाव नीट सांग. मध्येच हसू नकोस.’ ताई आजारी पडल्यापासून चौदा वर्षं आई हेच करत आली आहे गं. पाहुणे यायच्या आत ताईला नीटनेटकं करून बसवायचं.

डॉक्टरांनी विचारलं, ‘स्वयंपाक येतो का?’ ताई म्हणाली, ‘हो.’ येतोच की! तिच्या हातच्या पुरणपोळ्या तू खाल्ल्या आहेस. पण गॅस पेटता ठेवून ती अंगणात जाऊन उभी राहते, म्हणून आई रोज रात्री रेग्युलेटर काढून उशाशी ठेवते. हे कुणी विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही. ‘अंघोळ स्वतः करता?’ ‘हो.’ आईनं दहादा हाका मारल्यावर, हे त्या ‘हो’त कुठे मावणार? पाच मिनिटांत आम्ही बाहेर. पुढे पांढरं कार्ड हातात आलं आणि संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलमधून परत.

पांढरं कार्ड म्हणजे चाळीसच्या आत. दिव्यांगपण आहे हे मान्य, पण 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या सवलतींची रेघ चाळीसवर आखलेली. मी तेव्हा समजले, संपलं. मग एका शिक्षकांनी सांगितलं, त्याच कायद्याच्या कलम 59 नुसार दाखल्यावर अपील करता येतं. आणि दिव्यांग माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथे जायचं. दादाला हे आधी सांग. एजंटाला एक रुपयाही देऊ नका.

तिथल्या वकीलबाईंनी पहिलं विचारलं, ‘गुण कसे दिलेत, तो कागद कुठाय?’ आम्हाला असा कागद असतो हेच ठाऊक नव्हतं. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून तो मागवला. मनाच्या आजाराचं मोजमाप असं असतं बघ: स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम, या चार गोष्टींना प्रत्येकी शून्य ते चार गुण. जितका त्रास जास्त, तितके गुण जास्त. शिवाय आजार किती वर्षांचा, त्याचे एक ते चार. बेरीज सात झाली की चाळीस टक्के.

ताईची बेरीज सहा होती.

एका गुणानं, बयो! आणि तो गुण आमच्याच ट्रंकेत पडून होता. आम्ही फक्त आत्ताच्या डॉक्टरांचे तीन वर्षांचे कागद नेले होते, म्हणून वर्षांचे दोनच गुण मिळाले. आजार दहा वर्षांच्या वरचा असेल तर चार मिळतात. पहिल्या दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड तांदळाच्या पोत्याखालच्या ट्रंकेत सापडलं, वाळवीनं कड खाल्लेलं, पण तारीख शाबूत. दादाला म्हणावं, घर उलथंपालथं करा, पण पहिला केसपेपर शोधा.

वकीलबाई म्हणाल्या, नुसत्या वर्षांवर विसंबू नका, रोजचं लिहा. मी दोनशे पानी वही आणली. आई सांगेल ते मी लिहायचं ठरलं, पण पहिले चार दिवस आई गप्प. पाचव्या दिवशी रात्री भांडी आवरता आवरता म्हणाली, ‘लिही. आज तिनं तीन दिवसांनी दात घासले.’ आणि मग थांबेचना. गोळ्या जिभेखाली धरून मोरीत थुंकणं, बंद टीव्हीकडे बघून ‘माझ्याबद्दल बोलू नका’ म्हणणं, मध्यरात्री विहिरीकडे निघणं. शेजारणीला, मामाला, कुणालाही कधी न सांगितलेलं. माझ्या अक्षरावर तिच्या डोळ्यांतलं पाणी पडत होतं आणि मी तशीच लिहीत होते.

एके दिवशी ताईनं विचारलं, ‘माझ्याबद्दल काय लिहिता?’ मला इतकी लाज वाटली! तिच्या पाठीमागे तिचीच चहाडी केल्यासारखं. मग सगळं तिला वाचून दाखवलं. तिनं शांतपणे ऐकलं, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि खाली लिहिलं: ‘दुपारी आवाज फार येतात. तेव्हा मी भांडी घासते. भांड्यांच्या आवाजात ते दबतात.’

बयो, तेच तेच पातेलं पुन्हा पुन्हा घासते म्हणून आम्ही तिला वर्षानुवर्षं रागावलो होतो.

दिवाळीनंतर अपिलाची तपासणी झाली. या वेळी आईनं तिला रोजच्यासारखीच नेली, घरातल्या गाऊनवर ओढणी. डॉक्टरांनी आधी आईशी बोलून घेतलं, मग वही उघडली आणि ताईनं लिहिलेल्या पानाशी थांबले. तिलाच विचारलं, ‘आत्ता येतायत का आवाज?’ ती म्हणाली, ‘पंख्यातून.’ बेरीज बारा झाली आणि महिन्याभरात पिवळं कार्ड आलं.

पहिल्या बोर्डाचा राग माझ्या मनात अजून आहे. रांग मोठी असते, मान्य. पण या मोजमापाच्या सूचनांतच लिहिलंय की सांभाळणाऱ्या माणसाशी बोला. आई दारातच तर उभी होती. आणि ज्यांच्याकडे आई नाही, वही लिहायला बहीण नाही, ते त्या सहावरच राहत असतील, या विचारानं मला झोप लागत नाही.

निराधारचे पैसे सुरू झाले. दिव्यांगांना ऑक्टोबर 2025 पासून महिना अडीच हजार झालेत, ताईच्या गोळ्या त्यात निघतात. एसटीला पाव तिकीट लागतं, त्यामुळे डॉक्टरांची तारीख आता चुकत नाही.

अजून एक. तुझ्याच कॅलगरीत राहून डॉ. जगन्नाथ वाणींनी पुण्यात स्किझोफ्रेनियाग्रस्तांच्या घरच्यांसाठी ‘सा’ ही संस्था उभी केली. दादाला तिथल्या गटात जाऊन बसायला सांग. आई पहिल्यांदा चारचौघांत ‘माझी मुलगी आजारी आहे’ म्हणाली ती अशाच एका गटात.

आमच्या वहीच्या पानांचे फोटो पाठवायचे आहेत. ताईला विचारलंय. ती म्हणाली, ‘पाठव, पण माझं पान आधी.’

तुझीच,
मी