कर्णावरची घडी

प्रिय ताई,

सममिती शिकवायला कागद-कात्री खरंच लागते का, की फळ्यावर तुटक रेघ ओढली की भागतं, असं तू विचारलंस. लागते, आणि त्याचं कारण आयताच्या कर्णात आहे. आयताला सममितीचे अक्ष किती, असं विचारलं की बरीच मुलं चार म्हणतात : एक उभा, एक आडवा आणि दोन कर्ण. चूक साहजिक आहे, कारण कर्ण आयताचे दोन अगदी सारखे त्रिकोण करतोच. कर्णावर कात्री चालव, एक तुकडा फिरवून दुसऱ्यावर ठेव, कडेला कड जुळेल. आता दुसरा तसाच कागद न कापता कर्णावर दुमड. दोन्ही बाजूंना एकेक त्रिकोणी कान बाहेर राहतो. म्हणजे भाग सारखे असले तरी ते घडीवर एकमेकांची प्रतिबिंबं असतीलच असं नाही. मूल हे स्वतःच्या बोटांनी पाहतं. फळ्यावरची रेघ दुमडता येत नाही, त्यामुळे तिथे तुझ्या शब्दावर विश्वास ठेवण्यापलीकडे त्याच्या हाती काही उरत नाही.

घडी वाकडी पडते, आणि घडी म्हणजे काही सिद्धता नव्हे, हे तुझे दोन्ही आक्षेप खरे आहेत. पण वाकड्या घडीचा फरक केसभर असतो. हे कान चांगले बोटभर लांब असतात. सिद्धतेचं म्हणशील, तर घडी तिची गरज निर्माण करते. कान का राहिले? कर्णावर दुमडल्यावर कोपऱ्यावर कोपरा पडायचा, तर शेजारच्या दोन बाजू समान हव्यात. ए-फोर कागदाच्या बाजू आहेत 297 आणि 210 मिलिमीटर. चौरसात त्या समान, म्हणून त्याचे कर्ण अक्ष ठरतात. हे कारण चौथीचं मूलसुद्धा सांगू शकतं. आणि याला नुसतं हस्तकलेचं काम समजू नकोस : मद्रासच्या टी. सुंदरराव यांनी 1893 साली कागदाच्या घड्यांतून भूमिती मांडणारं आख्खं पुस्तक लिहिलं.

कागद दुमडून नक्षी कापण्यातही घडी म्हणजे अक्ष हाच विचार आहे. मध्यातून निम्म्यावर निम्मी घडी घालत गेलं की अक्ष एक, दोन, चार, आठ असेच वाढतात. तीन कधीच मिळत नाहीत. त्यासाठी अर्ध्या घडीचे साठ-साठ अंशांचे तीन भाग करावे लागतात. हे मुलांना आधी सांगू नकोस. कात्री लावण्यापूर्वी प्रत्येकाला उलगडल्यावर काय दिसेल त्याचं चित्र काढायला लाव, मगच कागद उघडू दे.

तुझा,
भाऊ