नातीची सायकल

नातीला पहिला पगार मिळाला. पेढे आले, देवापुढे ठेवून झाले, आणि रात्री जेवताना तिने जाहीर केलं, "मी सायकल घेणार आहे. रोड बाईक. ऑफिसला जायला."

मुलाचा घास हातातच राहिला. सूनबाई म्हणाली, "अगं, मानसरोवरला लोकलमध्ये बसलीस की खारघर आणि मग बेलापूर. दोनच तर स्टेशनं!" आणि मी म्हणाले, "रस्ता चांगला नाही गं. केवढाले ट्रक असतात."

बोलून गेले आणि मलाच कसंसं झालं. हे वाक्य माझं नव्हतंच. ते माझ्या सासूबाईंचं होतं, १९७५ सालचं.

तेव्हा मी कराडजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत नुकतीच लागले होते. एसटी फाट्यावर सोडायची, तिथून शाळा चार किलोमीटर. सायकल मला लहानपणापासून येत होती. सुट्टीत तासावर भाड्याने आणायची आणि नळीखालून पाय घालून अर्धं पायडल मारत शिकायचं, तशी शिकले होते. पतसंस्थेतून कर्ज काढून लेडीज सायकल घ्यावी असं मनात होतं. सासूबाई म्हणाल्या, "रस्ता चांगला नाही, ट्रक असतात." काळजीपोटीच म्हणाल्या, त्यात खोट नव्हती. पुढे घरात सायकल आली, पण ती ह्यांच्यासाठी. त्याच रस्त्यावरून हे सायकलने जात. मी अकरा वर्षं चालले. असो.

जेवणं झाल्यावर नातीला म्हटलं, "दुकानात जाशील तेव्हा मला ने."

पहिल्या खेपेला मी नुसती बघत बसले. आमच्या वेळी प्रश्न एवढाच असे, अ‍ॅटलस घ्यायची, हीरो की हर्क्युलस? रंग बहुतेक काळा. आता एका सायकलला पुढे दोन आणि मागे आठ चक्रं, म्हणजे सोळा गिअर. नातीचा जीव जडला होता एका लाल सायकलवर. मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं हँडल, पंचवीस मिलिमीटरचे टायर. मी बोटाने मोजलं, माझ्या अंगठ्यापेक्षा थोडे जाड. दुकानातल्या मुलाने ती एका हाताने उचलून दाखवली. आमची काळी सायकल वीस किलोच्या पुढे भरायची, ही जेमतेम दहा.

मी विचारलं, "डबा कुठे ठेवायचा?" मुलगा म्हणाला, "आजी, हिला कॅरिअर बसत नाही. मडगार्डही नाही. ही वेगासाठी आहे." नात माझ्याकडे रागाने बघायला लागली. मी गप्प बसले, पण घरी येताना म्हटलं, "सायकल नंतर. आधी रस्ता बघू."

मग एका सोमवारी, तिच्या ऑफिसच्या वेळेला, आम्ही दोघी रिक्षाने निघालो. माझ्या हातात वही. (जुनी खोड!) कामोठ्यातल्या आतल्या रस्त्यांवरचे गतिरोधक मोजले. मग सायन-पनवेल महामार्ग. कळंबोलीच्या लोखंड बाजाराचे ट्रेलर, न्हावाशेवा बंदराचे कंटेनर, सगळे शेजारून जात होते. खाडीवरच्या पुलाच्या सांध्यांवर रिक्षा धाडधाड आपटली. कडेला खडी, वाळू, मध्येच फुटलेली काच. खारघरला आतून जाता येतं, तिथे जरा श्वास घेता येतो. बेलापूरपर्यंत आठ-नऊ किलोमीटर झाले. नात उतरताना म्हणाली, "नऊ वाजता नाही जमायचं आजी. साडेसहाला निघायला हवं. आणि पंचवीसचा टायर त्या सांध्यांत मरेल." मी परतीची लोकल पकडली. मला काहीच सांगावं लागलं नव्हतं.

दुसऱ्या खेपेला आम्ही तयारीने गेलो. तीन सायकली काढायला लावल्या. एक ती लाल. दुसरी सरळ हँडलची, तिला हायब्रिड म्हणतात. मला अर्थातच ती आवडली. तिसरी करड्या रंगाची, हँडल वळलेलंच, पण टायर बत्तीसचे, डिस्क ब्रेक, आणि मडगार्ड-कॅरिअरसाठी सांगाड्याला भोकं ठेवलेली. डिस्क ब्रेकचा फायदा पावसात, कारण तो चाकाच्या भिजलेल्या कडेवर दाबत नाही, मधल्या चकतीला धरतो. रुंद टायरमध्ये हवा कमी दाबाने भरता येते, म्हणून खड्ड्याचा दणका हाडांपर्यंत कमी पोचतो. हे सगळं त्या मुलाने नीट समजावलं. चांगला शिक्षक झाला असता.

परीक्षा मात्र मी घेतली. दुकानामागच्या गल्लीत नातीला चालवायला लावलं आणि मागून ओरडले, "वळून बघ, किती बोटं?" महामार्गावर मागे बघता आलं नाही तर बाकी सगळं व्यर्थ. लाल सायकलीवर ती इतकी पुढे ओणवी होती की वळताना हातभर कडेला गेली. हायब्रिडवर अचूक सांगितलं, "तीन!" करड्या सायकलीवर पहिल्यांदा डगमगली. मुलाने हँडलचा जोड बदलून ते थोडं जवळ आणलं, तिने हात वरच्या सरळ भागावर ठेवले, आणि मग तिथेही "चार!" दोन्ही पाय जमिनीवर टेकून उभी राहिली तेव्हा नळी आणि तिच्यात तीन बोटं जागा होती. म्हणजे मापही बरोबर.

मी म्हटलं, "हायब्रिड घे. स्वस्तही आहे."

"आजी, येताना खाडीवर समोरून वारा असतो. खाली वाकता आलं की कमी लागतो. आणि मला ही आवडलीय."

यातलं शेवटचं कारण ऐकून मी हरकत मागे घेतली. १९७५ साली मला कुणी विचारलंच नव्हतं, तुला कुठली आवडली? आणि जी आवडत नाही ती सायकल महिनाभरात जिन्याखाली धूळ खात पडते, हे आमच्या सोसायटीत कुणीही दाखवून देईल.

करडी सायकल तिच्या बजेटपेक्षा चार हजारांनी महाग. मी पैसे देऊ केले, तिने घेतले नाहीत. मग हेल्मेट, कुलूप आणि पुढचा-मागचा दिवा माझ्यातर्फे. आमच्या काळी दिवा नसला की पोलीस चाकातली हवा सोडत, ते तिला सांगितलं तर खूप हसली. एक पितळी जोडही घेतला, दहा-वीस रुपयांचा. या ट्यूबचं तोंड बारीक असतं, नाक्यावरच्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला लागत नाही. जोड बसवला की लागतो. नव्याने घेणाऱ्यांनी हे विसरू नका.

आता ती साडेसहाला निघते. धो धो पाऊस असला की लोकल. पोचल्यावर फोनवर एकच शब्द येतो, "पोचले." तो येईपर्यंत माझा चहा गार होतो, हे तिला सांगितलेलं नाही. सासूबाईंचाही होत असेल, मी चालत जायचे तरी. त्यांना फोन कुठला यायला?

परवा दुपारी आवारात कुणी नव्हतं. सायकल खालीच होती, किल्ली माझ्याकडे. हँडल धरून तिला चालवत एक फेरी मारली. चढले नाही, गुडघे कुठे ऐकतात? पण काय हलकी आहे हो! नुसती बोट लावलं तरी पुढे पळते.