करून राहिलो, बोलून राहिलो!

परवा बर्डीवर ऑटोवाल्याला विचारलं, 'भैया, धरमपेठ का कितना?' भाव हिंदीतच ठरला. वाटेत त्याचा मोबाइल वाजला आणि तो म्हणाला, 'हो आई, येऊनच राहिलो!' घ्या! दोघंही मराठी, आणि अर्धा रस्ता हिंदीत.

नागपूरकरांना यात नवल नाही. १९५६ पर्यंत आपलं शहर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. त्या राज्यात हिंदी आणि मराठी दोन्ही नांदायच्या. मग आपण द्विभाषिक मुंबई राज्यात गेलो आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आलो. राजधानी गेली, हिंदी राहिली. आपलं 'करून राहिलो' तरी काय, 'कर रहा हूँ'चा सख्खा भाऊच!

हे कौतुक मला पुण्यात नोकरीला असताना नव्हतं. पहिल्याच मीटिंगमध्ये मी बोललो, 'रिपोर्ट करून राहिलो.' सगळे हसले. त्या दिवसापासून मी 'करतोय' घोकलं. इतकं, की दिवाळीत घरी आल्यावर आजीला विचारलं, 'आजी, काय करतेयस?'

'असा काहून बोलून राहिला पाहुन्यावानी?' ती म्हणाली. आणि मग चार दिवस माझ्याशी जपून, पुस्तकातल्यासारखं बोलत राहिली. ऑफिसातल्या हसण्यापेक्षा ते जास्त लागलं.

आता नोकरी नागपुरातच आहे. क्लायंटशी इंग्रजी, कँटीनमध्ये हिंदी. घरी निघताना मात्र फोन करतो, 'आजी, निघून राहिलो. तर्री पोहे आणू का?'

'आन ना बाप्पा, इचारून काय राहिला!'