वीस की तीस

६५० अंश सेल्सिअसला १०,००० तासांत तुटलेला नमुना त्याच ताणाखाली ६०० अंशांना किती टिकला असता? लार्सन-मिलरच्या सूत्रात स्थिरांक २० धरला तर २७ वर्षं. ३० धरला तर १०१.

हा हिशेब माझ्या विद्यार्थिनीनं दौलतगंजातल्या घरी कागदावर मांडून माझ्यापुढे सरकवला आणि विचारलं, “सर, यातलं खरं कुठलं?” १९५२पासून रूढ झालेला २० हा आमच्या पिढीच्या हाताला बसलेला आकडा. पी-९१ या पोलादाला बहुधा तिशीच्या आसपासचा जास्त जुळतो, हे मलाही ठाऊक आहे. तरी ‘३० घे’ असं मला म्हणवेना. मोठा स्थिरांक आयुष्य फुगवतो, आणि हे पोलाद नेमकं लांबच्या पल्ल्यात दगा देतं.

माझं घोडं वर्षानुवर्षं इथंच अडलं आहे. व्हॅनेडियम-निओबियमचे बारीक कण क्रीपला, म्हणजे उष्णतेत ताणाखाली हळूहळू होणाऱ्या ताणल्या जाण्याला, धरून ठेवतात. पुढे पोलादात झेड-फेज नावाची संयुगं तयार होतात आणि त्याच कणांना खाऊन वाढतात. पहिल्या हजार तासांच्या चाचणीला याचा पत्ताही नसतो. जपानच्या किमुरांनी प्रूफ स्ट्रेसच्या निम्म्यावर आकड्यांचे दोन भाग केले, दोन्ही वेगवेगळे जुळवले. रीत मला पूर्ण पटते, पण रेषेतला तो सांधा डोळ्यांना खुपतो. मला एकच गुळगुळीत वक्र हवा असतो, मोजक्या स्थिरांकांचा, आणि खाली माझं नाव. ही हौस वयानं जराही कमी झालेली नाही.

हल्ली न्यूरल नेटवर्कनं सगळे बिंदू रेषेवर आणून दाखवतात. सर्वांत लांबची चाचणी किती तासांची होती, हे मात्र सांगत नाहीत. याचा मला मनस्वी राग येतो. लॉगच्या आलेखावर आयुष्यातली दुपटीची चूक बोटभर दिसते. बॉयलरच्या हेडरशेजारी पाळी करणाऱ्या माणसाला ती बोटभर नसते. चाचणीच्या तिपटीपलीकडे आकडा ताणू नये, या जुन्या शिस्तीवर मी अजून ठाम आहे.

आता त्या विद्यार्थिनीचं प्रकरण वेल्डवर आलंय. जोडाच्या कडेला, उष्णतेनं बारीक कणांच्या झालेल्या अरुंद पट्टीत टाइप-फोरचा तडा जातो. त्या पट्टीला मूळ पोलादाचाच स्थिरांक लावून सुरुवात करू, असं तिचं म्हणणं. त्या पट्टीच्या वेगळ्या चाचण्या झाल्याशिवाय एकही रेष ओढू नये, असं माझं. या महिन्यातही यावर आमचं एकमत झालेलं नाही.